मेंदूच्या एमआरआयमध्ये पेशंटचं डोकं हलतंय, हे वेळेत कसं ओळखायचं?

मी जळगावात एमआरआय टेक्निशियन म्हणून काम करते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, तेव्हा जिथे होते त्या सेंटरवर, चोपड्याच्या वरच्या अंगाला सातपुड्यातल्या एका पाड्यावरून एक आजोबा आले होते. सोबत मुलगा. पहाटे निघालेले, आधी जीप, मग एसटी. त्या दिवशी गर्दी होती. मी स्कॅन लावला, पुढच्या पेशंटची माहिती भरत बसले आणि अर्ध्या तासाने आजोबांना टेबलवरून उतरवून घरी पाठवलं. संध्याकाळी रेडिओलॉजिस्ट सरांनी फ्लेअर (मेंदूतले डाग उठून दाखवणारा स्कॅनचा एक प्रकार) उघडला, तर कवटीच्या कडेच्या चार-पाच सावल्या मेंदूवरून आरपार गेलेल्या. रिपोर्ट देता येईना. आठवड्याने ते दोघं पुन्हा आले. पुन्हा तेवढंच भाडं, आणि मुलाचा केळीच्या बागेतला आणखी एक रोज बुडाला. त्या खेपेला मी सगळा वेळ काचेतून बघत राहिले आणि तिसऱ्या मिनिटालाच दिसलं. आजोबांना खोकल्याची उबळ यायची, ते ती दाबून धरायचे आणि दर वेळी हनुवटी छातीकडे जायची. पहिल्या दिवशीही हेच झालं असणार. मी बघत नव्हते.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नव्याने या कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. पेशंट धडगावहून आला असेल, साक्रीहून किंवा रावेरहून, डोकं हललं हे तो टेबलवर असतानाच कळलं पाहिजे. तो गाडीत बसल्यावर कळून उपयोग नाही.

आधी हे डोक्यात पक्कं करा

एमआरआय म्हणजे फोटो नव्हे. फोटोत एक क्षण पकडला जातो. इथे मशीन काही मिनिटं सिग्नलच्या ओळी गोळा करत राहतं. त्या ओळी जिथे साठतात त्याला के-स्पेस म्हणतात, आणि सगळ्या ओळी जमल्यावर गणित करून चित्र तयार होतं. प्रत्येक ओळीत अख्ख्या चित्राची माहिती थोडी थोडी असते. म्हणून तिसऱ्या मिनिटाला दोन सेकंद डोकं हललं तर चित्राचा एक कोपरा बिघडत नाही, सगळं चित्र बिघडतं. भजनात एकाचा टाळ चुकला की तो सगळ्या भजनात ऐकू येतो, तसं.

के-स्पेसच्या मधल्या ओळींत चित्राचा ढोबळ आकार आणि काळं-पांढरं असतं, कडेच्या ओळींत बारकावे. त्यामुळे मधल्या ओळी चालू असताना पेशंट हलला तर नुकसान जास्त. आणि एक गोष्ट नवीन मुलांना हमखास चकवते: डोकं कोणत्याही दिशेने हलू दे, सावल्या, ज्यांना आपण घोस्ट म्हणतो, त्या फेज एन्कोडिंगच्या, म्हणजे मशीन ज्या दिशेची माहिती एकेक ओळ करून गोळा करतं त्या दिशेनेच पसरतात. घोस्ट आडवे आहेत म्हणजे मान आडवी हलली, असा अर्थ काढू नका.

एका तपासणीत वेगवेगळ्या प्रकारचे स्कॅन लागोपाठ घेतात, त्यातला एकेक म्हणजे सिक्वेन्स. कोणत्या सिक्वेन्सला किती धोका, तेही लक्षात ठेवा. डीडब्ल्यूआयमध्ये (ताजा लकवा दाखवणारा सिक्वेन्स) एकेक स्लाइस, म्हणजे मेंदूचा एकेक काप, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळात घेतली जाते, म्हणून तिथे असे घोस्ट सहसा येत नाहीत. पेशंट मध्येच हलला तर वेगवेगळ्या फेऱ्यांची चित्रं एकमेकांवर नीट बसत नाहीत, एवढंच. फ्लेअर, टी टू आणि थ्रीडी टी वन हे बाकीचे सिक्वेन्स मात्र मिनिटांची कामं आहेत. सगळा त्रास तिथेच.

हालचाल मोजायची तर सहा आकडे लागतात. तीन सरकण्याचे (डावी-उजवी, वर-खाली, डोक्याकडे-पायाकडे) आणि तीन फिरण्याचे. फिरण्यात मान होकारार्थी डोलणं, नकारार्थी वळणं आणि खांद्याकडे कलणं. निजलेल्या माणसाचं डोकं सगळ्यात जास्त होकारार्थी डोलतं, कारण खोकला, आवंढा, खोल श्वास, पाय आखडणं, या सगळ्यांचा ओढा हनुवटीपर्यंत पोचतो. एक अंश म्हणजे अगदी किरकोळ वाटतं. पण फिरण्याच्या मध्यापासून ५० मिलिमीटरवर असलेला मेंदूचा भाग एक अंशात ०.८७ मिलिमीटर सरकतो, १०० मिलिमीटरवरचा त्याच्या दुप्पट. आपण एक मिलिमीटरचे बारकावे बघायला निघालेलो असतो.

टेबलवर घेण्याआधीची दहा मिनिटं

माझ्या मते अर्धं काम इथेच होतं, आणि घाईत हाच भाग गाळला जातो.

धातूची विचारपूस, पेसमेकर, क्लिप, इम्प्लांट हे नेहमीचं फॉर्मप्रमाणे कराच. ते सुरक्षिततेचं आहे, त्यात तडजोड नाही. त्याशिवाय पुढच्या गोष्टी बघा.

लघवीला जाऊन यायला सांगा, लाज वाटून लोक नाही म्हणतात तरी सांगा. तोंड उघडायला लावा. आपल्याकडे गालात तंबाखूची गोळी किंवा गुटखा धरून आत येणारे पुष्कळ. तोंडात रस सुटत राहतो, माणूस दर मिनिटाला आवंढा गिळतो, आणि आवंढ्याबरोबर डोकं डोलतं. चूळ भरायला लावा, कवळी असेल तर काढून ठेवा. बिडी ओढणाऱ्या आजोबांना पाच मिनिटं बसवून, पाणी पाजून, मोकळं खोकून घेऊ द्या.

मे महिना असेल तर आणखी एक. बाहेर ४४-४५ अंशात भाजून आलेला माणूस घामाने भिजलेला असतो आणि आपली खोली वीस-बावीस अंशांवर. ओला सदरा अंगाला चिकटला की दहा मिनिटांत तो कुडकुडायला लागतो. कुडकुडणं म्हणजे सबंध शरीराची बारीक, न थांबणारी थरथर. घाम पुसून कोरडा गाऊन द्या, थोडा वेळ बाहेरच्या खोलीत बसू द्या आणि आत गेल्यावर छातीपासून पायापर्यंत चादर घाला. आपल्या भागात उन्हाळ्यातच पेशंट जास्त थरथरतात, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

डोकं बसवताना

बायकांचा अंबाडा. यावर मी थोडं थांबणार आहे, कारण मी स्वतः दोन वर्षं हे चुकीचं केलं. पिना काढल्या की काम झालं असं मला वाटायचं. मग एकदा एका जिजींचं डोकं कॉइलमध्ये (सिग्नल पकडणाऱ्या, डोक्याभोवतीच्या पिंजऱ्यात) ठेवल्यावर मी दोन बोटं त्यांच्या मानेमागे घातली. डोकं उशीवर टेकलेलंच नव्हतं, अंबाड्याच्या गाठीवर तोललेलं होतं. बोटाने जरा ढकललं की लोट्यासारखं डावी-उजवीकडे डुलायचं. अंबाडा सोडला, केस वरच्या बाजूला मोकळे घेतले, आणि डोकं खाली बसलं. तेव्हापासून दर पेशंटच्या मानेमागे माझी दोन बोटं जातात. पगडीखाली शेंडी असो की मुलींची जाड वेणी, तेच.

डोकं बसलं की दोन्ही कानांजवळ फोमचे तुकडे घाला. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, म्हणून आधी इअरप्लग, मग फोम. फोम घट्ट हवा, दुखेल इतका नको. दुखलं की माणूस त्यापासून सुटायला डोकं फिरवतोच. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्यांचं डोकं हवेत राहतं. त्यांना मानेखाली आणि खांद्याखाली आधार द्या, कॉइलमध्ये डोकं जबरदस्तीने दाबू नका. गुडघ्यांखाली उशी सगळ्यांनाच द्या. आयुष्यभर केळीचे घड वाहिलेल्या माणसाची कंबर सरळ पाय ठेवून वीस मिनिटं टिकत नाही, आणि कंबर अवघडली की डोकं हलतं. पायाची अढी घातलेली असेल तर सोडायला लावा.

कपाळावर चिकटपट्टी हा स्वस्तातला उपाय मला फार आवडतो. मायक्रोपोर टेप कपाळावरून आडवी घेऊन दोन्ही टोकं कॉइलच्या बाजूंना चिकटवायची. टेप डोकं बांधून ठेवत नाही. डोकं जरासं सरकलं की कपाळाच्या कातडीला ओढ बसते आणि पेशंटला स्वतःलाच कळतं. २०१९ मध्ये संशोधकांनी हीच युक्ती मोजमाप करून तपासली आणि हालचाल खरोखर कमी झालेली दिसली. टेप लावण्याआधी "ओढ लागली की समजा डोकं सरकलं, तिथेच थांबा" एवढं सांगा. न सांगता लावली तर माणूस बिचकतो.

काय बोलायचं

"हलू नका" हे पुरेसं नाही. पेशंटला वाटतं हातपाय हलवायचे नाहीत, डोक्याचं त्याला सुचतच नाही. मी असं सांगते: "आबा, ठकठक आवाज चालू असेल तोवर फोटो चालू आहे. तेव्हा गिळू नका, बोलू नका, मला उत्तरसुद्धा देऊ नका. आवाज थांबला की गिळा, खोका, पण डोकं तिथेच ठेवा." दर सिक्वेन्सआधी माइकवरून किती मिनिटांचा आहे तेही सांगा. माणूस चार मिनिटं तग धरू शकतो. किती वेळ ते माहीत नसेल तर दोन मिनिटांतच चुळबुळ सुरू होते.

अहिराणी बोलणारा पेशंट असेल तर अहिराणीत बोला. "डोकं हालाडानं नही, मी आठेच शे" (डोकं हलवायचं नाही, मी इथेच आहे) एवढं ऐकूनसुद्धा घाबरलेल्या जिजीचे खांदे सैल पडताना मी पाहिले आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या पेशंटसोबत मराठी समजणारं नातेवाईक असतं. सूचना त्यांच्याकडून सांगून घ्या आणि पेशंटने काय समजलं ते परत विचारा. नातेवाईकाला आत थांबवायचं झालं तर त्याचीही धातूची तपासणी पेशंटसारखीच.

रबरी फुगा हातात द्या आणि एकदा दाबून बघायला लावा. बोलावता येतं ही खात्री असलेला माणूस कमी हलतो.

लहान मुलांचं वेगळं. काही महिन्यांच्या बाळाला पाजून, गुंडाळून, झोपवून बऱ्याचदा स्कॅन होतो. मोठ्या मुलांना बाहेर मशीनचा आवाज मोबाइलवर ऐकवून "पुतळा-पुतळा" खेळायला लावलं की पाच-सहा वर्षांपुढची बरीचशी साथ देतात. भूल द्यायची की नाही हा निर्णय भूलतज्ज्ञांचा. आपल्या हातात तो नाही.

स्कॅन चालू असताना नजर कुठे

पहिली नजर पेशंटवर. काचेतून डोकं सहसा नीट दिसत नाही, पण पाय दिसतात आणि पाय पुष्कळ सांगतात. अंगठा हलतोय, पाऊल आत-बाहेर होतंय, गुडघा वर आला, की समजा डोकंही स्थिर नाही. बोगद्यात रोखलेला कॅमेरा असेल तर तो स्क्रीनवर मोठा करून ठेवा. कॅमेरा नसेल तर स्वतःची जुगाड करून मोबाइल किंवा साधा वेबकॅम आत लावायचा विचारही करू नका. चुंबक रात्रंदिवस चालू असतं आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू एमआरआयसाठी मान्यता असलेलीच लागते.

दुसरी नजर चित्रांवर. सिक्वेन्स संपल्या संपल्या मधल्या दोन-तीन स्लाइस मोठ्या करून बघा. यादीतल्या चिमुकल्या चित्रात सगळं छान दिसतं, मी तिथेच फसले होते. कवटीच्या कडेला समांतर पुसट कडा दिसतात का? डोक्याबाहेरची काळी जागा खरंच काळी आहे का? विंडो, म्हणजे चित्राचं काळं-पांढरं, उजळ करून ती काळी जागा बघा, घोस्ट आधी तिथे सापडतात. मात्र रक्तवाहिनीतल्या प्रवाहाचे आणि डोळे फिरल्याचेही घोस्ट येतात. ते फक्त त्या वाहिनीच्या किंवा बुबुळांच्या रेषेत दिसतात आणि दर वेळी तिथेच. डोकं हललं असेल तर पूर्ण स्लाइसवर परिणाम असतो.

तिसरी युक्ती फार थोडे वापरतात: लोकलायझर, म्हणजे स्लाइस कुठे लावायच्या ते ठरवायला सुरुवातीला घेतो ती झटपट चित्रं, पुन्हा घ्या. वीसेक सेकंदांचं काम. शंका आली की दोन सिक्वेन्सच्या मध्ये घ्या आणि सुरुवातीच्या लोकलायझरशेजारी ठेवून मधल्या सॅजिटल (बाजूने दिसणाऱ्या उभ्या) स्लाइसवर नाक, हनुवटी आणि कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा) बघा. डोकं एकदा सरकून नव्या जागी स्थिर राहिलं असेल तर पुढच्या सिक्वेन्समध्ये घोस्ट येणार नाहीत, पण स्लाइस वेगळ्या कोनात जातील आणि रेडिओलॉजिस्टला टी टूवरचा डाग फ्लेअरवर त्याच जागी सापडणार नाही. अशा वेळी स्लाइस नव्याने लावा.

हललंय हे दिसलं. आता?

सिक्वेन्स पुरा होऊ देण्यात अर्थ नाही. पहिल्याच मिनिटात मोठी हालचाल दिसली तर थांबवा, माइकवर विचारा, कारण शोधा. तेच सेटिंग तसंच पुन्हा लावणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण खोकला गेलेला नसतो, कंबर अजून दुखतच असते. टेबल बाहेर घ्यावं लागलं तरी घ्या. पाच मिनिटं जातील, दोन वाया गेलेल्या सिक्वेन्सपेक्षा ती कमीच.

माणूस स्थिर राहूच शकत नसेल, कंपवात आहे किंवा शुद्ध हरपते आहे, तर क्रम बदला. ज्या प्रश्नासाठी पाठवलंय त्याचं उत्तर देणारा सिक्वेन्स आधी. लकव्याचा संशय असेल तर डीडब्ल्यूआय पहिला. मग वेळ कमी करा: पॅरलल इमेजिंग (कमी ओळींत चित्र) वाढवा, अ‍ॅव्हरेज (तीच ओळ किती वेळा घ्यायची) कमी करा, टी टूसाठी सिंगल शॉट (अख्खी स्लाइस एका दमात) घ्या. चित्र थोडं खरखरीत येईल, चालेल.

तुम्ही एकटेच अडता असं समजू नका. अमेरिकेत २०१५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दाखल असलेल्या किंवा इमर्जन्सीतल्या रुग्णांच्या २९.४ टक्के एमआरआय तपासण्यांत हालचालीचा लक्षणीय दोष आढळला, बाहेरून आलेल्यांमध्ये ७.५ टक्के. वॉर्डमधून स्ट्रेचरवर आलेल्या पेशंटला जास्त वेळ का द्यायचा, ते या दोन आकड्यांत दिसतं.

मशीन काय मदत करतं

बऱ्याच मशीनवर के-स्पेस पात्यांच्या आकारात भरायचा पर्याय असतो. जीई त्याला प्रोपेलर म्हणतं, सीमेन्स ब्लेड, फिलिप्स मल्टीव्हेन. प्रत्येक पातं के-स्पेसच्या मध्यातून जातं, त्यामुळे सगळ्या पात्यांत सामाईक असलेला मधला भाग एकमेकांशी ताडून डोकं किती फिरलं, किती सरकलं हे काढता येतं आणि ते दुरुस्त करून चित्र जोडलं जातं. चुळबुळ्या पेशंटचा टी टू मी यावरच घेते. पण त्याची मर्यादा ओळखा: ही दुरुस्ती स्लाइसच्या पातळीतच होते. आडव्या, म्हणजे अ‍ॅक्सियल स्लाइसमध्ये डावी-उजवी वळणारं डोकं ती सावरते. होकारार्थी डोलणारं डोकं स्लाइसमधून बाहेर जातं, तिथे तिचा इलाज चालत नाही. खोकणाऱ्या पेशंटचा प्रोपेलरसुद्धा का बिघडला, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

दुसरा प्रकार नॅव्हिगेटरचा. मुख्य सिक्वेन्समधल्या रिकाम्या वेळात मशीन डोक्याचं एक छोटं, ढोबळ चित्र घेतं, आधीच्याशी ताडतं आणि सहा आकडे काढून पुढच्या ओळीसाठी स्लाइसची जागा बदलतं. डोकं गेलं तिकडे स्लाइस जाते.

तिसरा कॅमेऱ्याचा, जो आपल्या भागात रोजच्या कामात मी अजून पाहिलेला नाही, पण मोठ्या संशोधन केंद्रांत वापरतात. बोगद्यात खास कॅमेरा, कपाळावर किंवा दातांना बसवलेल्या पट्टीवर ठरावीक नक्षीचं निशाण, आणि सेकंदाला अनेक वेळा डोक्याच्या जागेचं मोजमाप. काही नव्या यंत्रणा निशाणाशिवाय चेहऱ्याच्या पृष्ठभागावरूनच मोजतात. यात दोन गोष्टी जपाव्या लागतात. कॅमेऱ्याची मोजपट्टी आणि मशीनची मोजपट्टी आधी एकमेकींशी जुळवून घ्यावी लागते, नाहीतर दुरुस्तीच चूक ठरते. आणि निशाण कपाळाच्या कातडीवर असेल तर भुवया चढवल्या तरी कॅमेऱ्याला डोकं हलल्यासारखं वाटतं. म्हणून दातांची पट्टी जास्त खरी, पण पेशंटला ती नकोशी होते.

फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते लागोपाठ चित्रं घेऊन बघणं) करायची वेळ आली तर हालचालीचा आलेख बघायला शिका. त्यात फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंट नावाचा आकडा असतो. एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत सहाही दिशांना डोकं किती हललं त्याची ही बेरीज, फिरणं ५० मिलिमीटर त्रिज्येवर मिलिमीटरमध्ये बदलून घेतलेलं. २०१२ पासून हा आकडा रुळला. संशोधनात ०.२ किंवा ०.५ मिलिमीटरपुढची चित्रं बाजूला काढायची पद्धत आहे.

पेट-सीटीवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: आधी सीटी होतो, मग पेट (किरणोत्सारी औषध देऊन मेंदूचं काम दाखवणारा स्कॅन), आणि सीटीच्या आधारे पेटच्या चित्राची दुरुस्ती होते. मधल्या वेळात डोकं सरकलं तर मेंदूची एक बाजू खोटीच मंद दिसू शकते. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून कवटीची कड जुळते का, हे पेशंट उतरण्याआधी बघा.

वहीत काय लिहायचं

माझ्या कन्सोलशेजारी शंभर पानी वही असते. कोणत्या सिक्वेन्सला हललं, साधारण कितव्या मिनिटाला, कारण काय दिसलं, काय केलं, पुन्हा घेतला का, एवढंच त्यात लिहिते. नाव नाही, फक्त तारीख आणि स्कॅनचा क्रमांक. रेडिओलॉजिस्टकडे केस पाठवतानाही तीच ओळ सोबत देते: "फ्लेअर दोनदा घेतला, दुसरा वापरावा. टी वनमध्ये शेवटी खोकला. डोकं मध्ये सरकल्याने टी टूनंतर स्लाइस नव्याने लावल्या." सर त्या ओळीवरून कोणतं चित्र आधी उघडायचं ते ठरवतात, आणि शंका वाटली तर लगेच फोन करतात. तो फोन येईपर्यंत, लांबून आलेला पेशंट असेल तर, मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवते.